सर्व्हर चालू असतो, पण सापडत नाही: जुन्या कॉम्प्युटरवरच्या नॅसचा पुन्हा पुन्हा येणारा बिघाड

अडगळीतला जुना डेस्कटॉप बाहेर काढला, पुसून स्वच्छ केला, दोन मोठ्या हार्ड डिस्क बसवल्या, ओपनमीडियाव्हॉल्ट ही नॅससाठीची (म्हणजे घरच्या नेटवर्कवरून सगळ्यांना फाइल देणाऱ्या साठवण-सर्व्हरसाठीची) लिनक्स प्रणाली टाकली आणि घरातल्या सगळ्यांचे फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं एका जागी आली. पहिले आठ-दहा दिवस उत्तम गेले. मग एका सकाळी लॅपटॉपवर शेअर, म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांसाठी ठेवलेलं फोल्डर, उघडेना. सर्व्हरचा पंखा फिरतोय, पुढचा दिवा लागलेला आहे, पण शेअरचा मागमूस नाही. बंद करून चालू केला, सगळं पूर्ववत. चार दिवसांनी पुन्हा तेच.

हा बिघाड शोधायला मला जितका वेळ लागला, त्यातला बराचसा एका सवयीने खाल्ला. शेअर दिसेनासा झाला की मी आधी बटण दाबायचो. सर्व्हर परत यायचा हे खरं, पण तो का गेला होता याचा पुरावा त्याच क्षणी पुसला जायचा. बंद करून चालू करण्यात एका दमात पाच गोष्टी नव्याने होतात. राउटरकडून पत्ता नव्याने घेतला जातो, लॅनचा ड्रायव्हर नव्याने लोड होतो, डिस्कची वीज जाऊन परत येते, फाइल सिस्टिम पुन्हा माउंट होते (डिस्क तिच्या ठरलेल्या फोल्डरवर बसते) आणि सांबा, म्हणजे शेअर नेटवर्कवर देणारा प्रोग्राम, पुन्हा सुरू होतं. यातल्या नेमक्या कशाने काम झालं हे मग कोणी सांगू शकत नाही, आणि दुरुस्ती अंदाजावर चालते.

खरी अडचण अशी की 'सर्व्हर गायब झाला' हे आपण चार वेगवेगळ्या घटनांना म्हणतो. सर्व्हरचं नाव सापडत नाही, सर्व्हरचा पत्ता बदलतो, मशीन झोपतं किंवा अडकतं, किंवा मशीन ठीक असून आतली डिस्क निसटते. लॅपटॉपसमोर बसलेल्याला चारही वेळा जवळपास सारखाच संदेश दिसतो. उपाय मात्र चौघांचे एकमेकांशी संबंध नसलेले आहेत. म्हणून आधी यातलं काय घडलं ते ठरवायचं आणि मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा.

बटणाला हात लावण्याआधी

शेअर उघडत नाही असं दिसलं की पहिलं काम म्हणजे घड्याळात पाहून वेळ लिहून ठेवणं. हे किरकोळ वाटतं, पण माझा बिघाड शेवटी वेळेच्या नोंदीमुळेच सापडला. दुसरं काम, लॅपटॉपवरून सर्व्हरला त्याच्या आयपी पत्त्यावर (नेटवर्कवरच्या आकड्यांतल्या पत्त्यावर) पिंग करणं, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का पाहणं. नावाने करू नका, पत्त्याने करा. पिंगला उत्तर आलं आणि नावाने शेअर उघडत नाही, पण पत्त्याने उघडतो, तर फक्त नाव हरवलं आहे. पिंगला उत्तर नाही, पण राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांच्या यादीत सर्व्हर दुसऱ्याच पत्त्यावर बसलेला दिसतो, तर पत्ता बदलला आहे. यादीतही तो नाही, तर मशीन किंवा त्याचं लॅन कार्ड गेलं. आणि पिंग होतो, शेअरचं नावही दिसतं, पण फोल्डर रिकामं आहे किंवा उघडताना लॅपटॉप मिनिटभर अडकून राहतो, तर डिस्ककडे पाहा.

सर्व्हरला मॉनिटर आणि की-बोर्ड जोडून ठेवा, निदान बिघाड सापडेपर्यंत. काही जुन्या मशीनवर नंतर जोडलेल्या मॉनिटरवर चित्रच येत नाही, त्यामुळे आधीपासून जोडलेला असावा. पडद्यावर लॉगिन करता आलं तर मशीन जिवंत आहे, आणि मग पुढचा सगळा तपास रीस्टार्ट न करता होतो.

आणखी एक तयारी आजच करा. लिनक्सच्या नोंदी डिस्कवर टिकतात का ते पाहा. काही मांडणींत जर्नलच्या नोंदी फक्त रॅममध्ये राहतात आणि रीस्टार्टबरोबर नाहीशा होतात. 'व्हार' फोल्डरमधल्या 'लॉग' फोल्डरात 'जर्नल' नावाचं फोल्डर नसेल तर ते तयार करा आणि मशीन एकदा रीस्टार्ट करा. त्यानंतर 'जर्नलसीटीएल' या आज्ञेला मागच्या बूटच्या नोंदी मागता येतात. त्यातल्या शेवटच्या पंधरा-वीस ओळी वाचल्या की बरंच कळतं. एकेक सेवा शिस्तीत बंद झालेली दिसली, तर कोणीतरी किंवा कशानेतरी मशीनला बंद व्हायला सांगितलं होतं. नोंद मध्येच तुटली असेल, तर वीज गेली किंवा मशीन जागच्या जागी गोठलं.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती याहून साधी आहे. सर्व्हरवर क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीत, एक ओळ टाकायची. दर मिनिटाला राउटरला एक पिंग, आणि त्याचा निकाल तारीख-वेळेसह एका मजकूर फाइलीत. ही फाइल ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या डिस्कवर ठेवायची, शेअरच्या डिस्कवर नाही. पुढच्या वेळी सर्व्हर गायब झाला की ही फाइल वाचायची. ओळी चालू आहेत पण राउटरकडून उत्तर नाही, म्हणजे मशीन जागं होतं आणि नेटवर्क तुटलं होतं. ओळीच थांबल्या आणि तुम्ही रीस्टार्ट केल्यावर सुरू झाल्या, म्हणजे मशीन गोठलं किंवा बंद पडलं. ओळी दोन तास थांबल्या आणि रीस्टार्ट न होता पुन्हा सुरू झाल्या, म्हणजे मशीन झोपलं होतं. आणि ओळी अखंड आहेत, राउटरही उत्तर देतोय, तर दोष नावात, सांबात किंवा डिस्कमध्ये आहे. एवढ्या एका फाइलीने निम्मा तपास होतो.

नाव हरवतं

विंडोजच्या 'नेटवर्क' खिडकीत सर्व्हरचं चिन्ह दिसणं आणि सर्व्हर उपलब्ध असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी ही यादी ज्या सेवेमुळे बनायची ती एसएमबीच्या, म्हणजे नेटवर्कवर फाइल शेअर करण्याच्या पद्धतीच्या, पहिल्या आवृत्तीवर अवलंबून होती. २०१७ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती आवृत्ती नसते किंवा काही दिवस वापरली नाही तर आपोआप निघून जाते, आणि २०१९ च्या सांबा ४.११ पासून सांबानेही ती मुळात बंद ठेवली. त्यामुळे जुन्या मार्गदर्शकांप्रमाणे मांडलेला सर्व्हर यादीत कधी दिसतो, कधी दिसत नाही.

यावर उपाय म्हणून एसएमबी १ पुन्हा चालू करायला सांगणारे सल्ले अजूनही सापडतात. ते ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं घातक सॉफ्टवेअर ज्या छिद्रातून जगभर पसरलं ते विंडोजमधल्या याच जुन्या आवृत्तीतलं होतं. त्याऐवजी सर्व्हरवर 'डब्ल्यूएसडीडी' हा छोटा प्रोग्राम टाका, मग विंडोजच्या यादीत सर्व्हर दिसू लागतो. मॅक कॉम्प्युटर आणि लिनक्ससाठी हेच काम 'अवाही' करतं. आणि यादीची वाट न पाहता थेट पत्त्याने नेटवर्क ड्राइव्ह मॅप करून ठेवला, तर हा प्रश्न बहुतेक घरांत तिथेच संपतो.

पासवर्डशिवाय उघडणारा पाहुण्यांचा शेअर विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर काही लॅपटॉपवर अचानक बंद झाला असेल, तर तो बिघाड नाही. त्या आवृत्तीत एसएमबीची सही बहुतांश प्रकारच्या विंडोजवर सक्तीची झाली आणि पाहुण्याला सही करता येत नाही. सांबात एक वापरकर्ता आणि पासवर्ड तयार करा. पासवर्ड बदलल्यानंतर एकाच लॅपटॉपवर अडचण येत असेल, तर विंडोजच्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मधली जुनी नोंद काढून टाका.

पत्ता बदलतो

राउटर प्रत्येक उपकरणाला ठरावीक मुदतीसाठी पत्ता देतो. मुदतीचा अर्धा काळ उलटला की उपकरण मुदतवाढ मागतं आणि एरवी तोच पत्ता त्याला परत मिळतो. म्हणून आठवडे काही होत नाही. पण राउटर बंद होऊन चालू झाला आणि कोणाला कोणता पत्ता दिला होता हे विसरला, तर सर्व्हरचा पत्ता एखाद्या मोबाइलला दिला जाऊ शकतो. मग एका पत्त्यावर दोन उपकरणं उभी राहतात आणि शेअर पाच मिनिटं चालतो, पाच मिनिटं चालत नाही. असा अर्धवट चालणारा बिघाड फार गोंधळात टाकतो. ओळखायचा तर लॅपटॉपच्या आर्प टेबलमध्ये (कोणता पत्ता कोणत्या लॅन कार्डाचा याच्या यादीत) त्या पत्त्यासमोर कोणता मॅक क्रमांक, म्हणजे लॅन कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, आहे ते पाहा. तो सर्व्हरच्या लॅन कार्डाचा नसेल तर उत्तर मिळालं.

उपाय राउटरवर करायचा. सर्व्हरचा मॅक क्रमांक देऊन त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेवायचा. सर्व्हरवरच कायमचा पत्ता लिहायचा असेल, तर तो राउटर वाटत असलेल्या पत्त्यांच्या पट्ट्याबाहेरचा हवा. अनेक जण आत्ता मिळालेलाच पत्ता सर्व्हरवर कायम करून टाकतात आणि वरचा घोळ स्वतःच्या हाताने तयार करतात.

जुन्या लॅपटॉपचा सर्व्हर केला असेल तर आणखी एक तपासा. केबल जोडलेली असताना वाय-फायही चालू राहिलं, तर सर्व्हरला दोन पत्ते मिळतात आणि कोणता उत्तर देईल याचा भरवसा राहत नाही. वाय-फाय बंद करा. घरात दोन राउटर एकामागे एक असतील, तर लॅपटॉप आणि सर्व्हर वेगवेगळ्या जाळ्यांत नाहीत ना तेही पाहा. एकाचा पत्ता १९२.१६८.० ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१ ने सुरू होत असेल, तर मागच्या राउटरला नुसत्या ॲक्सेस पॉइंटच्या मोडवर टाका.

मशीन झोपतं, अडकतं किंवा उठतच नाही

पूर्ण डेस्कटॉप असलेली लिनक्स आवृत्ती टाकली असेल तर पहिला संशय झोपेवर घ्या. की-बोर्ड आणि माउसला काही वेळ हात लागला नाही की मशीन झोपायला जातं, आणि नेटवर्कवरून चाललेली कॉपी त्याच्या लेखी हालचाल नसते. सेटिंगच्या खिडकीत झोप बंद केली तरी लॉगिनच्या पडद्याची सेटिंग वेगळी असते, तिथे ती चालूच राहते. म्हणून मुळावर घाव घालायचा. 'सिस्टिमसीटीएल मास्क' ही आज्ञा देऊन स्लीप, सस्पेंड, हायबरनेट आणि हायब्रिड-स्लीप ही चारही टार्गेट बंद करायची. लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर काही करू नये अशी सेटिंग 'लॉगिनडी'च्या फाइलीत करायची.

मशीन जागं आहे, पडद्यावर लॉगिन होतं, पण नेटवर्क नाही, अशा वेळी कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत लॅन कार्डाविषयी 'ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट' किंवा 'लिंक इज डाउन' असं काही आहे का पाहा. जुन्या मदरबोर्डवरच्या काही लॅन चिप वीज वाचवण्याच्या मोडमधून नीट बाहेर येत नाहीत. 'ईथटूल'ने ईईई, म्हणजे वीज वाचवणारी ईथरनेटची सोय, बंद करून पाहा. त्याने फरक पडला नाही तर वेगळं लॅन कार्ड स्लॉटमध्ये बसवणं सगळ्यात कमी त्रासाचं. त्याआधी केबल मात्र बदलून पाहा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. एक जोडी सैल असेल तर जोडणी पूर्ण तुटत नाही, ती १०० वर उतरते किंवा दोन्ही वेगांत खालीवर होत राहते. कॉपीचा वेग ११० मेगाबाइटच्या आसपास असायचा तो सेकंदाला ११-१२ वर स्थिर झाला, तर हे नक्की समजा.

वीज जाऊन आल्यावरच सर्व्हर गायब राहतो, अशी तक्रार असेल तर मदरबोर्डवरचं गोल नाण्यासारखं सेल पाहा. हे सीआर२०३२ सेल ३ व्होल्टचं असतं आणि जुन्या कॉम्प्युटरमध्ये ते बहुधा वयस्कर झालेलं असतं. मशीन प्लगमध्ये असेपर्यंत त्याचा अशक्तपणा जाणवत नाही. वीज पूर्ण गेली की बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या प्रणालीच्या, सेटिंग मूळपदावर जातात. 'वीज आल्यावर आपोआप चालू हो' ही सेटिंग पुसली जाते, बूटचा क्रम बदलतो, काही बोर्डांवर साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड बदलतो, आणि मशीन एफ१ दाबण्याची वाट पाहत काळ्या पडद्यावर थांबतं. की-बोर्ड, मॉनिटर नसलेल्या सर्व्हरवर ते किती दिवस तसं थांबेल याला मर्यादा नाही. घड्याळही मागे जातं, आणि मग बॅकअपच्या वेळा नि प्रमाणपत्रांच्या तारखा बिघडतात. मल्टिमीटरवर सेल २.८ व्होल्टच्या खाली दिसलं तर बदला. बदलल्यावर बायोसमध्ये वीज आल्यावर चालू होण्याची सेटिंग पुन्हा लावा आणि की-बोर्ड नसला तरी न थांबण्याची सोय असेल तर तीही.

मशीन खरोखर गोठतं, पडद्यावरही काही हलत नाही, असं असेल तर रात्रभर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा आणि प्रोसेसरवरचा हीटसिंक काढून वाळलेली पेस्ट बदला. यात फार खोल जाण्यासारखं काही नाही, पण टाळूही नका.

डिस्क निसटते

इथे माझा सर्व्हर अडला होता, आणि इथेच घाई महागात पडते, कारण पणाला लागलेला असतो तो डेटा.

लक्षणं अशी. पिंग होतो, सांबा उत्तर देतं, पण फोल्डर रिकामं दिसतं किंवा कॉपी मध्येच थांबते. कर्नलच्या नोंदींत 'हार्ड रीसेटिंग लिंक', 'फेल्ड कमांड' किंवा 'साटा लिंक डाउन' अशा ओळी दिसतात. कधी साटाचा वेग ६ गिगाबिटवरून ३ वर, तिथून १.५ वर उतरलेला दिसतो. हे वाचून डिस्क मेली असं समजून नवी मागवू नका. डिस्क स्वतःविषयी काय सांगते ते आधी वाचा. 'स्मार्टसीटीएल' या आज्ञेने तिचे सगळे आकडे, म्हणजे डिस्क स्वतःविषयी ठेवते त्या क्रमांकवार नोंदी, काढा आणि तारखेसह जपून ठेवा.

क्रमांक ५, १९७ आणि १९८ हे डिस्कच्या चकतीविषयी बोलतात. ५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले, १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले. यांचा मूळ आकडा ('रॉ' रकान्यातला) शून्य असावा. तो शून्य नसेल आणि वाढत असेल तर डिस्क जाण्याच्या मार्गावर आहे, बाकी तपास थांबवा आणि डेटा दुसरीकडे हलवा.

क्रमांक १९९ मात्र डिस्कविषयी नसतो, तो डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या रस्त्याविषयी असतो. साटा केबलवरून जाताना माहिती खराब झाली की तो एकाने वाढतो. हा आकडा कधीच कमी होत नाही, त्यामुळे जुन्या डिस्कवर तो शंभर दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. आज किती आहे ते लिहा आणि आठवड्याने पाहा. वाढला असेल तर केबल बदला. केबल बदलूनही वाढत असेल तर दोन डिस्कच्या केबल आपसात बदला, मग पोर्ट आपसात बदला. दोष केबलबरोबर फिरला तर केबल, पोर्टवरच राहिला तर बोर्ड, डिस्कबरोबर गेला तर डिस्कचा सर्किट बोर्ड किंवा कनेक्टर.

माझ्या सर्व्हरवर ५ शून्य होता, १९७ शून्य होता आणि १९९ जागचा हलत नव्हता. तरी डिस्क चार-पाच दिवसांनी निसटायची. दोन केबल बदलून झाल्या होत्या. मग लिहून ठेवलेल्या वेळा एकाखाली एक मांडल्या. सगळ्या पहाटेच्या, ठरवून दिलेला बॅकअप सुरू व्हायच्या पहिल्या मिनिटातल्या. त्या वेळी झोपलेल्या दोन्ही डिस्क एकदम जाग्या होत होत्या. तेव्हा पहिल्यांदा मी क्रमांक १२ कडे पाहिलं. हा आकडा डिस्कला वीज मिळून ती किती वेळा चालू झाली ते मोजतो. कॉम्प्युटर तीन आठवड्यांत एकदाही बंद झाला नव्हता, आणि एका डिस्कचा हा आकडा मात्र वाढला होता. म्हणजे मशीन चालू असताना तिची वीज क्षणभर जात होती.

३.५ इंची डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा १२ व्होल्टच्या वायरवर साधारण २ अँपिअर ओढते, नंतर फिरत राहायला त्याहून पुष्कळ कमी लागतं. दोन डिस्क एकदम उठल्या की हा झटका दुप्पट. माझ्याकडे दोन्ही डिस्क एकाच स्प्लिटरवर (एका वीजवायरीच्या दोन करणाऱ्या जोडणीवर) होत्या आणि त्याच्या एका पिनची पकड सैल झाली होती. स्प्लिटर काढला, दोन्ही डिस्क पॉवर सप्लायच्या वेगवेगळ्या वायरींवर नेल्या, आणि ते पहाटेचं निसटणं थांबलं. तुमच्याकडे वेगळ्या वायरी नसतील तर पॉवर सप्लाय बदलण्याचा विचार करा, विशेषतः तो दहा वर्षं जुना असेल तर. आतले कपॅसिटर वयाने अशक्त होतात, आणि त्यांची कमजोरी अशा झटक्याच्या वेळीच उघडी पडते. मोलेक्स ते साटा जोडणारे, प्लास्टिकमध्ये वायर ओतून बनवलेले स्वस्त कनेक्टर वापरू नका. ते आत शॉर्ट होऊन जळतात.

चालू मशीनवर क्रमांक १२ वाढतोय का हे पाहायला अर्धं मिनिट लागतं. डिस्क निसटण्याच्या प्रत्येक तपासात ते सुरुवातीलाच पाहावं असं माझं ठाम मत आहे.

रेडमधून, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या मांडणीतून, डिस्क बाहेर फेकली जाते, पण वेगळी तपासली तर ठणठणीत निघते, याचं आणखी एक कारण आहे. डेस्कटॉपसाठी बनवलेली डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही तर बराच वेळ, कधी मिनिटापेक्षा जास्त, प्रयत्न करत राहते. लिनक्स मात्र मुळात ३० सेकंद वाट पाहतं आणि मग जोडणी रीसेट करतं. नॅससाठी बनवलेल्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानतात आणि तसं कळवतात, मग रेड दुसऱ्या डिस्कवरून तो भाग भरून काढतं. तुमची डिस्क ही मर्यादा स्वीकारते का ते 'स्मार्टसीटीएल'ला 'एससीटीईआरसी' विचारून कळतं. स्वीकारत असेल तर वाचन आणि लेखन दोन्हीसाठी ७० लिहा. हा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे ७ सेकंद. वीज गेली की बहुतेक डिस्क हे विसरतात, त्यामुळे प्रत्येक बूटला ते लागू होईल अशी सोय करा. स्वीकारत नसेल तर उलट बाजूने जा, त्या डिस्कसाठी लिनक्सची वाट पाहण्याची मर्यादा १८० सेकंद करा.

डिस्क झोपलेली असताना शेअर उघडला आणि दहा-पंधरा सेकंद काही झालं नाही, तर तो बिघाड नाही, डिस्क उठते आहे. रोज त्रास होत असेल तर झोपेची मुदत वाढवा. यूएसबी खोक्यातली डिस्क वापरत असाल तर मात्र मी सरळ सांगेन, ती आत साटावर लावा. खोक्यातली चिप, यूएसबीची वीज वाचवण्याची सोय आणि यूएएस (यूएसबी डिस्कसाठीचा) ड्रायव्हर यांच्या भांडणात घालवलेला वेळ परत येत नाही.

रिकाम्या फोल्डरचा धोका

डिस्क निसटली किंवा बूटच्या वेळी माउंटच झाली नाही, तर ज्या फोल्डरवर ती बसायची ते फोल्डर सिस्टिमच्या डिस्कवर रिकामं उभं असतं. साधं डेबियन लिनक्स आणि हाताने केलेली मांडणी असेल तर सांबा ते तसंच शेअर करतं. घरातलं कोणीतरी फोटो टाकतं, कॉपी पूर्ण झाल्याचा संदेश येतो, आणि फोटो सिस्टिमच्या छोट्या डिस्कवर जाऊन पडतात. पुढच्या रीस्टार्टला खरी डिस्क त्या फोल्डरवर बसते आणि ते फोटो तिच्याखाली झाकले जातात. 'काल टाकलेले फोटो कुठे गेले' या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा हे असतं. डिस्क अनमाउंट करून फोल्डर उघडा, ते तिथे सापडतात.

हे होऊ नये म्हणून डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरवर 'सीएचॲटर'ने अचल खूण लावा. मग डिस्क नसेल तेव्हा तिथे काहीच लिहिलं जात नाही आणि कॉपी करणाऱ्याला लगेच त्रुटी दिसते. ही त्रुटी दिसणं चांगलं. त्याचबरोबर 'एफएसटॅब'मध्ये (बूटच्या वेळी माउंट करायच्या डिस्कच्या यादीत) डिस्कची नोंद 'एसडीए', 'एसडीबी' अशा नावाने असेल तर ती यूयूआयडीने, म्हणजे न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाने, करा, कारण ही अक्षरं बूटगणिक अदलाबदल होऊ शकतात. आणि 'नोफेल' हा पर्याय जोडा. तो नसेल तर एक डेटा डिस्क सापडली नाही म्हणून सिस्टिम दीड मिनिट वाट पाहते आणि आपत्कालीन मोडमध्ये जाऊन थांबते. नेटवर्क सुरूच होत नाही, आणि डिस्कचा प्रश्न तुम्हाला मशीन गायब झाल्यासारखा दिसतो.

दुरुस्ती झाली हे कसं ठरवायचं

एका वेळी एकच बदल करा. केबल, स्प्लिटर आणि सेटिंग एकाच दिवशी बदलली तर पुन्हा तोच अंधार. बदल केल्याची तारीख लिहा आणि बिघाड ज्या अंतराने यायचा त्याच्या किमान तिप्पट काळ थांबा. चार दिवसांनी येत असेल तर दोन आठवडे. मधल्या काळात मशीनला आराम देऊ नका. डिस्क झोपवून एकदम उठवा, मोठी कॉपी चालवा, रेडची पूर्ण तपासणी करा, राउटर मुद्दाम बंद-चालू करा, सर्व्हर व्यवस्थित बंद करून त्याचा प्लग तासभर काढून ठेवा आणि तो आपोआप उठतो का पाहा.

हे सगळं करण्याआधी त्या डेटाची एक प्रत सर्व्हरबाहेर असली पाहिजे. आरशासारख्या रेडमध्ये दोन डिस्क आहेत म्हणजे बॅकअप आहे असं नाही. पॉवर सप्लायचा एक झटका दोन्ही डिस्कना लागतो आणि चुकून खोडलेली फाइल दोन्हीकडून खोडली जाते. क्रमांक १९७ शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर लांबलचक चाचणी चालवू नका, आधी प्रत काढा. वाचताना अडखळत असेल तर 'डीडीरेस्क्यू'ने काढा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अवघड जागांकडे नंतर परत येतं.

माझ्या फाइलीत आता दर रविवारी प्रत्येक डिस्कच्या ५, १२, १९७ आणि १९९ या आकड्यांची एक ओळ पडते. स्प्लिटर काढला त्या रविवारपासून क्रमांक १२ फक्त मी स्वतः सर्व्हर बंद केला त्या वेळांनीच वाढला आहे.